रांगण्याची वाट पाण्यावर ठरते

रांगणा गडाला जायचं ठरलं की कोल्हापूरचा माणूस सवयीनं आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. रांगण्याच्या वाटेला मात्र त्यांचा काही उपयोग नाही. राजाराम बंधारा पंचगंगेवर आहे, आणि पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीचं पाणी येतं. रांगण्याची वाट पाटगाववरून जाते, आणि पाटगावचं पाणी वेदगंगेचं. ते गारगोटी, मुरगूड करत खाली उतरतं, पुढं दूधगंगेला मिळतं आणि शहराला न शिवता कृष्णेकडं जातं. त्यामुळं शहरात पंचगंगा पात्रात निवांत असते आणि त्याच दिवशी वेदगंगेवरचे निळपण, वाघापूर, कुरणी हे बंधारे पाण्याखाली असतात, असं होऊ शकतं.

पावसाळ्यात जिल्हा प्रशासन रोज धरणांचा साठा, विसर्ग आणि पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची यादी देतं. सकाळी मोबाइलवर फिरते, दुसऱ्या दिवशी पेपरात येते. त्यात बघायच्या दोन ओळी: पाटगाव धरणाचा साठा आणि वेदगंगेवरचे बंधारे. पाटगाव धरण, म्हणजे मौनीसागर, जेमतेम पावणेचार टीएमसीचं. राधानगरी ८.३६ आणि काळम्मावाडीचं दूधगंगा २५.३९ टीएमसीचं, त्यापुढं हे लहानच. लहान धरण, वर लगेच उभा डोंगर, त्यामुळं इथलं पाणी फार वेळ विचार करत नाही. माथ्यावर दोन तास झोडपलं की ओढे फुगलेच. शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट. शहरात रंकाळ्यावर ऊन बघून निघालेली टोळकी गडाच्या वाटेवरच्या भटवाडीच्या अलीकडं गाडीत बसून काचा पुसताना दिसतात ती यामुळंच.

बंधाऱ्यांबद्दल थोडं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला दगडी खांब असतात आणि खांबांमधल्या खाचांत बरगे बसवतात. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाच्या तोंडावर काढायचे. वरची फरशी गावकऱ्यांचा पूल असते, कठडा नसतो किंवा असून नसल्यासारखा. फरशीवर टाचभर पाणी दिसलं तरी गाडी घालू नये. पाणी गढूळ असलं की फरशीची कड दिसत नाही. मधे एखादी फरशी उचकटून गेलेली असते, तीही दिसत नाही. गावातला माणूस मोटरसायकल काढतो म्हणून आपण काढायची नाही. त्याला खांब मोजून माहीत असतात.

हंगामाबद्दल आमचं मत ठाम आहे. दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत जावं, त्यातही नोव्हेंबरचा उत्तरार्ध सर्वांत चांगला. ओढ्यांना पाणी असतं पण ते घोट्याखाली, धरण भरलेलं, गवत अजून पिवळं पडून आडवं झालेलं नाही, जळवा संपलेल्या. मार्चनंतर वाटेवरचे झरे एकेक करून आटतात आणि जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, दुपारी उभं राहवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गडाचा हट्ट सोडावा. त्या दिवसांत पाटगावला जाऊन धरणाच्या कडेनं अर्धा दिवस चालणं हीच सहल. तिचं वर्णन पुढं येईल.

कोल्हापूरहून मुदाळ तिट्टा, गारगोटी, कडगाव, पाटगाव असा रस्ता. दोन ते अडीच तास धरावेत, कारण उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या पुढं असल्या की ओलांडायला जागा मिळत नाही, आणि चांगला हंगाम नेमका तोच. एसटीनं जायचं तर गारगोटी आगारात उतरून पुढची गाडी विचारावी. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ चालकाला किंवा वाहकालाच विचारून घ्यावी, फलकावर विसंबू नये. पेट्रोल, पैसे आणि औषधं गारगोटीत घ्यावीत. पुढं चहा, बिस्किटं, केळी मिळतात, त्यापलीकडं काही मिळेल असं गृहीत धरू नये.

पाटगावात मौनी महाराजांची समाधी आणि मठ आहे. १६७६ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेआधी शिवाजी महाराज इथं आशीर्वादाला आले होते. धरणाला मौनीसागर नाव मौनी महाराजांवरूनच. मठात पाच मिनिटं बसून गावात एक प्रश्न जरूर विचारावा: "मामा, वरच्या ओढ्याला पाणी किती हाय?" गड किती लांब, हे विचारून उपयोग नाही. त्याला उत्तर ठरलेलं, "हितंच हाय की." हे 'हितंच' अर्ध्या तासाचंही असतं आणि तीन तासांचंही. वेळच हवा असेल तर "गुरं घेऊन जायला किती वेळ लागतो?" असं विचारावं. गुरांची चाल आणि पाठीवर पिशवी असलेल्या शहरी माणसाची चाल साधारण सारखीच.

पाटगावहून भटवाडीकडं जाताना धरणाचं पाणी सोबतीला असतं. तांब्याची वाडी, भटवाडी ही या बाजूची शेवटची वस्ती. गाडी भटवाडीत, कुणाच्या तरी अंगणाच्या कडेला, विचारून लावावी. पुढं गडाच्या अलीकडच्या चिक्केवाडीपर्यंत जीपचा कच्चा रस्ता आहे आणि उन्हाळ्यात वर जीप जाताना दिसतेही. आपली छोटी गाडी मात्र त्यात घालू नये. वर जांभ्याची खडी आहे, सुपारीएवढे गोल खडे. चढावर चाक जागीच फिरतं आणि वळवायला जागा नसते. चालणाऱ्यालाही हेच खडे उतरताना घसरवतात. उतरताना पाऊल लांब टाकायचं नाही, टाच न रोवता तळवा पूर्ण टेकवायचा आणि चाकोरीच्या मधल्या गवताच्या पट्टीवरून चालायचं. गुडघे वाचतात.

भटवाडीपासून चिक्केवाडी दोन ते अडीच तास, तिथून गड पाऊण ते एक तास. सकाळी सातला निघालं तर अकराच्या आत गडावर पोचता येतं. माणशी तीन लिटर पाणी घ्यावं. दोन लिटर पुरतं असं जाताना वाटतं, कारण जाताना सकाळ असते. तिसरा लिटर परतीच्या चढाचा आहे. हो, परतीला चढ आहे, ते सांगतोच.

वाटेत ओढे लागतात. दिवाळीनंतर ते दगडांवरून ओलांडता येतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मात्र परतीचा पाऊस दुपारी येतो, आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा चारला मांडीपर्यंत येतो. म्हणून जाताना प्रत्येक मोठ्या ओढ्याच्या काठावर एक ठळक दगड हेरून ठेवावा: पाणी त्याच्या कुठपर्यंत आहे. परतताना तो दगड दिसला नाही तर ओलांडायचं नाही. पाण्याचा रंग चहासारखा झाला, वरून पालापाचोळा आणि काटक्या वाहत यायला लागल्या, पाण्याचा आवाज बदलून आत दगड घरंगळल्याचा गडगडाट येऊ लागला, तर पाणी अजून वाढणार आहे. अशा वेळी थांबणं हाच उपाय. हे ओढे आखूड आहेत; जसे फुगतात तसे उतरतातही. पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत दगड पुन्हा वर येतो. दोन तास थांबायचा धीर पाहिजे आणि त्यासाठी पिशवीत कोरडा शर्ट, चटणी-भाकरी आणि बॅटरी पाहिजे.

गुडघ्याखालचं पाणी ओलांडायचं तर बूट काढू नयेत. अनवाणी पाय शेवाळावर टिकत नाही आणि बोटं दगडांच्या फटीत अडकतात. मोजे काढावेत, बूट घालून जावं, पलीकडं गेल्यावर मोजे चढवावेत. पिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पडलात तर पिशवी टाकता येते. तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला, काठी समोर टेकलेली, एक पाय पक्का झाल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. दोर बांधून ओलांडायची हौस करू नये. दोराला बांधलेला माणूस वाहून जाण्याऐवजी पाण्याखाली धरला जातो.

जंगल सुरू झालं की वाट चुकण्याची खरी जागा येते. जीपच्या रस्त्याला आडवाटा फुटतात, त्यातल्या निम्म्या गुरांच्या. गुरवाट ओळखायची खूण अशी: ती कारवीच्या झुडपांतून कमरेएवढ्या उंचीच्या बोगद्यासारखी जाते, वरच्या फांद्या तशाच असतात आणि पाण्यापाशी किंवा एखाद्या हिरव्या तुकड्यापाशी तिला चार फाटे फुटून ती विरून जाते. माणसांच्या वाटेवर खांद्याच्या उंचीवर फांद्यांना कोयत्याचे जुने घाव असतात. दुर्दैवानं कुरकुऱ्यांची रिकामी पाकिटंही असतात. दहा मिनिटं झाली आणि एकही घाव दिसला नाही तर मागं फिरावं; पुढं जाऊन वाट सापडेल या आशेवर दरीत उतरणारे दरवर्षी निघतात. भटवाडीच्या पुढं मोबाइलला रेंज धरून चालू नये. नकाशा आदल्या रात्री उतरवून घ्यावा, आणि भटवाडीतल्या एका घरी "संध्याकाळी पाचपर्यंत खाली येतो" असं सांगून जावं. भटवाडीचाच माणूस वाटाड्या म्हणून घेतला तर यातलं निम्मं ओझं उतरतं. त्याचा दिवस मोडतो, तेव्हा मजुरी आधी बोलून घ्यावी आणि जेवण आपल्याबरोबर द्यावं.

राधानगरी अभयारण्यापासून खाली आजरा-चंदगडपर्यंत जंगलाची पट्टी आहे आणि त्यातून गवे फिरत असतात. कळप दिसला तर तो बहुतेक वेळा आपणच निघून जातो. एकटा नर मात्र हलत नाही. तो मान खाली घालून आडवा उभा राहिला, फुरफुरला, की त्यानं सांगायचं ते सांगून झालं. पाठ न दाखवता, गडबड न करता, तिरकं मागं सरायचं आणि मधे मोठं झाड ठेवायचं. फोटोसाठी दहा पावलं पुढं जाणारा माणूस बरोबर असेल तर त्याला आधीच दम देऊन ठेवावा. पहाटे आणि तिन्हीसांजेला गवे पाण्यावर उतरतात, म्हणून या दोन वेळांना ओढ्याच्या वळणावर मुक्यानं जाऊ नये. बोलत, काठी आपटत जावं.

जळवा जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. मोज्यांच्या वरून दुसरा लांब मोजा आणि पँट त्यात खोचलेली, हा साधा उपाय पुरतो. गावातले लोक तंबाखूचं पाणी लावतात, तेही चालतं, पण ओढा ओलांडला की धुऊन जातं, पुन्हा लावावं लागतं. चिकटलेली जळू ओढू नये, नखानं तोंडाकडून खरवडली की सुटते. रक्त बराच वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही.

मधमाश्यांचं प्रकरण जास्त गंभीर. पाटगाव हे 'मधाचं गाव' आहे. महाबळेश्वरजवळच्या मांघरनंतर राज्यात याच गावाला तो मान मिळाला. गावात दिसणाऱ्या पेट्या सातेरी माश्यांच्या, त्या गरीब. कड्याला आणि उंच झाडांना लोंबणारी आग्या मोहोळं वेगळी. अत्तर, डोक्याला वासाचं तेल, आणि धूर, या तीन गोष्टी टाळाव्यात. गडावर चूल पेटवून चहा करायची प्रथा आहे, ती कड्याजवळ तर नकोच. माश्या उठल्याच तर झोपायचं नाही, हात झाडायचे नाहीत. तोंड झाकून दाट झाडीतून पळत सुटायचं.

चिक्केवाडी आता जवळजवळ रिकामी. जोती, पडकी आवारं, मधेच एखादं फणसाचं झाड. इथं बसून खाऊन घ्यावं, कारण पुढं गडाचं दर्शन झालं की कुणाला भुकेचं भान राहत नाही.

रांगण्याची गंमत ही की घाटावरून येणाऱ्याला तो समोर आणि खाली दिसतो. मुख्य रांगेपासून सुटलेला हा पहाड, मधे खिंड. त्या खिंडीत उतरायचं आणि समोरच्या दरवाजाला भिडायचं. हाच उतार परतताना दुपारच्या उन्हात चढायचा असतो आणि तिसरा लिटर तिथं लागतो. खिंडीतल्या वाऱ्यानं घाम वाळतो, तहान कळत नाही, आणि चढ संपता संपता पोटऱ्यांना वांब येतात. खिंडीत थांबून अर्धा लिटर पाणी, चिमूटभर मीठ आणि साखर घेऊनच चढाला लागावं.

गडात शिरलं की तटबंदी, दरवाजे, निंबाळकर वाड्याचे अवशेष, तलाव आणि रांगणाईचं मंदिर, समोर दीपमाळ. शिलाहार भोज राजाच्या काळापासूनचा गड. १६६७ मध्ये आदिलशाही वेढा शिवाजी महाराजांनी मोडून काढला तो याच गडाचा. १७०८ मध्ये शाहू महाराजांनी पन्हाळा घेतला तेव्हा ताराबाई इथं आल्या. वेढा घालणाऱ्यांना गड का जड गेला ते हत्तीसोंड माचीवर उभं राहिलं की कळतं: खाली थेट कोकण, नारूरच्या बाजूची झाडी, आणि मधे पाय ठेवायला जागा नाही. त्या बाजूला कडेपासून पाच-सहा पावलं आत राहावं. गवत कड्याच्या पुढं झुकलेलं असतं, जमीन कुठं संपली ते त्यात कळत नाही. कोकण दरवाजानं नारूरकडं उतरणारी वाट आहे, पण ती उभी, दाट रानातली. नवख्यानं वाटाड्याशिवाय तिकडं वळू नये. शिवाय गाडी भटवाडीत राहते, हे खाली पोचल्यावर आठवतं.

तलावाचं पाणी गाळून, उकळून किंवा क्लोरिनची गोळी टाकून अर्धा तास थांबूनच प्यावं. सगळा गड बघायला तीन तास लागतात. दोन वाजता काहीही राहिलं असलं तरी निघायचं. डिसेंबरमध्ये झाडीत साडेपाचला अंधारतं.

साप दिसतात. पावसाळ्यात आणि नंतर काही दिवस हिरवा चापडा फांदीवर वेटोळं घालून बसतो, अगदी हात टेकू तिथं. म्हणून चढताना झुडपाचा आधार बघून घ्यावा. दंश झालाच तर कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. हात किंवा पाय काठीला सैल बांधून स्थिर करायचा, माणसाला चालू न देता उचलून आणायचं आणि तडक गारगोटीचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं. जाताना गाडीत कुणाला तरी फोन लावायला बसवावं, रेंज आली की आधी दवाखान्यात कळवता येतं.

आता पावसाळ्यातल्या अर्ध्या दिवसाच्या चालीबद्दल. धरण भरलं की सांडव्याच्या बाजूला गर्दी होते. ती सोडून जलाशयाच्या काठानं वर चालावं. काठावर एक रेघ दिसते, जिच्या वर झाडी आणि खाली उघडी तांबडी माती. ती भरल्या धरणाच्या पाण्याची रेघ. चालायचं नेहमी तिच्या वरून, गुराख्यांच्या वाटेनं. रेघेच्या खालची जमीन सपाट आणि सोपी दिसते, आणि फसवते ती तिथंच. पाणी उतरताना मागं राहिलेला गाळ वरून वाळतो, भेगाळतो, आत मऊच असतो. काठी टोचून बघावी: वीतभर सहज गेली आणि बाहेर काढताना चोखल्याचा आवाज आला तर तिथं माणूस गुडघ्यापर्यंत जातो. रुतलं तर पाय ओढत बसू नये. बसून, मागं रेलून, वजन पसरून एकेक पाय सोडवावा, बूट राहिला तर राहू द्यावा. उन्हाळ्यात या गाळपेर जमिनीवर लोक भाजी, मका करतात. तेव्हा ती पक्की असते, पण पिकातून वाट काढू नये. पोहायला तर मुळीच उतरू नये. काठ अचानक खोल होतो, आणि बुडालेल्या झाडांचे खुंट पाण्याखाली तसेच उभे असतात.

संध्याकाळी पाटगावात मध घेता येतो. सातेरीचा मध पातळ असतो, फेसाळतो, हिवाळ्यात साखरेसारखा बसतो. त्यावरून भेसळ समजू नये. बाटली पिशवीत उभी ठेवावी आणि झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून घ्यावा, नाहीतर मुदाळ तिट्ट्याच्या आत ओला कपडा आणि मध एक झालेले असतात.